गारपिटीचा इशारा आला, उद्या दुकान उघडायचं का? निर्णय आदल्या रात्रीच घ्या!



फेब्रुवारी अर्धा सरला की आपल्या वऱ्हाडात हवेचा काही भरवसा राहत नाही. पहाटे स्वेटर लागतो, दुपारी पंखा लागतो. हरभरा सोंगणीला आलेला असतो, गहू ओंबीत असतो, मृग बहाराचा संत्रा झाडावर असतो आणि लग्नसराईच्या ऑर्डरी सुरू झालेल्या असतात. नेमका अशाच वेळी मोबाईलवर मेसेज येतो: "विजांच्या कडकडाटासह पाऊस, तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता."

थंड देशांमध्ये हिवाळा संपता संपता बर्फाचं वादळ येतं. आपल्याकडे तोच बर्फ गारा होऊन पडतो. तिकडे रस्ता आठवडाभर बंद राहतो, इकडे वीस मिनिटांत खेळ आटोपतो. पण सकाळी कामावर निघणाऱ्या माणसापुढचा प्रश्न दोन्हीकडे एकच असतो. जायचं की थांबायचं?

आजच्या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. हा प्रश्न आभाळ काळं झाल्यावर सोडवायचा नाही. तेव्हा समोर गिऱ्हाईक असतं, कढईत तेल तापलेलं असतं आणि मन म्हणतं, "अजून अर्धा तास बघू." तो अर्धा तासच महागात पडतो. म्हणून थांबायची रेषा आदल्या रात्री, डोकं शांत असताना आखायची. ती कशी आखायची ते उदाहरणासह बघू.

शेलूबाजारच का?

उदाहरणाला आपण मंगरूळपीर तालुक्यातलं शेलूबाजार घेतलं आहे, कारण हे गाव रस्त्यावर जगतं. कारंजाहून मालेगाव-मेहकरकडे जाणारा नागपूर-औरंगाबाद जुना महामार्ग आणि अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. आता समृद्धी महामार्गाचा इंटरचेंजही इथे आहे. त्या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला.

अशा गावात धंदा करणारे आणि नोकरी करणारे दोघंही रोज ये-जा करतात. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, कृषी केंद्रात काम करणारी पोरं, मोबाईल दुरुस्तीवाला, आसपासच्या खेड्यांतून भाजी घेऊन येणारी ताई. कोणी एसटीने, कोणी काळीपिवळीने, बहुतेक जण मोटारसायकलने. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. समृद्धीवर दुचाकीला आणि ऑटोला परवानगी नाही. म्हणजे महामार्ग कितीही झकास झाला, तरी आपला छोटा उद्योजक जुन्याच रस्त्याने जातो. दोन्ही बाजूंना शेत आणि डोक्यावर उघडं आभाळ.

हे दहा वर्षांतून एकदा घडतं असं समजू नका

२०१४ साली फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्राला गारपिटीने पुन्हा पुन्हा झोडपलं. गहू, हरभरा, द्राक्ष, डाळिंब, संत्रा काही सुटलं नाही. मग ११ फेब्रुवारी २०१८. रविवार होता. जालना, बुलडाणा, वाशिम आणि शेजारच्या जिल्ह्यांत गारांचा मारा झाला. पिकं तर गेलीच, जालना आणि वाशिम जिल्ह्यांत माणसंही दगावली.

२०१८ मधून एक धडा वेगळा घ्या. आपल्याकडे असा समज आहे की गारपीट दुपारनंतरच होते. बहुतेक वेळा ते खरंही असतं, कारण दिवसभर जमीन तापल्यावर ढग वाढतात. पण त्या रविवारी जालन्याकडे गारा सकाळीच पडल्या. म्हणून "सकाळचा धंदा करून घेऊ, दुपारी बघू" हे दर वेळी चालेलच असं नाही.

गार कशी तयार होते आणि इशारा कसा वाचायचा?

फार विज्ञानात शिरत नाही, पण एवढं समजलं की इशाऱ्यावर विश्वास बसतो. या दिवसांत उत्तरेकडून थंड, कोरडी हवा येते आणि समुद्राकडून दमट हवा येते. खाली जमीन तापलेली, वर थंडावा. मग हवा जोरात वर उसळते आणि उंच ढग तयार होतात. त्या ढगात पाण्याचे थेंब गोठतात. वर जाणारा झोत त्यांना धरून ठेवतो आणि थरावर थर चढत गार मोठी होते. झोताला वजन पेलेनासं झालं की ती खाली येते.

असा एक ढग काही किलोमीटरचाच असतो. म्हणूनच एका शिवारात पांढरी चादर आणि शेजारच्या शिवारात कोरडी धूळ असं घडतं. हवामान खातं जिल्ह्याला इशारा देऊ शकतं, गल्लीला देऊ शकत नाही. विदर्भासाठी हे इशारे नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र देतं. त्यात चार रंग असतात:

- हिरवा: काळजीचं कारण नाही.
- पिवळा: लक्ष ठेवा.
- नारंगी: तयारीत राहा.
- लाल: कृती करा.

याशिवाय पुढच्या तीन तासांसाठी तातडीचा अंदाज येतो. तो दिवसा कामाचा. मोबाईलवर हवामान खात्याचं 'मौसम', विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' आणि आपत्ती प्राधिकरणाचं 'सचेत' ही तीन अ‍ॅप आजच टाकून घ्या. फुकट आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे "उद्या महाभयंकर वादळ" असले मेसेज बघून निर्णय घेऊ नका. तारीखही कधी कधी दोन वर्षांपूर्वीची असते.

"मागच्या वेळी इशारा होता, काहीच झालं नाही!"

हे वाक्य प्रत्येक चौकात ऐकू येतं. आणि हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. बर्फाच्या वादळांची सवय असलेल्या अमेरिकेतल्या बोस्टन शहराचं उदाहरण बघा.

६ फेब्रुवारी १९७८, सोमवार. मोठ्या बर्फाचा अंदाज आधीच दिला होता. सकाळपासून बर्फ पडेल असं सांगितलं होतं, पण सकाळी काहीच पडेना. लोक म्हणाले, अंदाज चुकला, आणि नेहमीसारखे कामावर गेले. मग बर्फ सुरू झाला आणि सगळे एकदम घरी निघाले. शहराला वळसा घालणाऱ्या रूट १२८ या रस्त्यावर सुमारे ३,००० गाड्या अडकून पडल्या. गाडीच्या धुराची नळी बर्फात गाडली गेल्याने आत विषारी वायू भरून काही लोक बसल्या जागी गेले.

आता ३५ वर्षं पुढे या. ८ फेब्रुवारी २०१३ ला त्याच भागात तसंच मोठं वादळ येत होतं. या वेळी तिथल्या गव्हर्नरांनी जोर वाढण्याआधीच हुकूम काढला: दुपारी चारनंतर रस्त्यावर खासगी गाडी नको. रस्ते आधीच रिकामे झाले.

दोन्ही वेळा अंदाज हाताशी होता. फरक पडला तो थांबायची वेळ आधी ठरली होती की नव्हती, यामुळे. आपल्या धंद्याचे गव्हर्नर आपणच आहोत. आपल्यासाठी चारची वेळ दुसरं कोणी ठरवून देणार नाही.

आता हिशेब मांडू: बंद ठेवलं तर खरंच किती बुडतं?

इथे बहुतेक जण गोंधळतात. गल्ला म्हणजे नफा असं धरून घाबरतात. समजा चौकात तुमचं नाश्त्याचं हॉटेल आहे. आकडे समजायला सोपे घेतले आहेत, तुम्ही स्वतःचे घाला.

रोजचा गल्ला ६,००० रुपये. त्यात बेसन, तेल, दूध, भाजी, गॅस असा मालाचा खर्च ६० टक्के, म्हणजे ३,६००. हातात राहतात २,४००. त्यातून भाडं, मजुरी, वीज निघते. दुकान बंद असलं तरी भाडं आणि मजुरी द्यायचीच आहे, म्हणून ती सध्या बाजूला ठेवा.

आता समजा नारंगी इशारा आहे आणि तुम्ही दुपारी दोनला शटर ओढलं. दोननंतरचा गल्ला दिवसाच्या ४० टक्के, म्हणजे २,४०० रुपये. इथे दोन शक्यता आहेत.

पहिली: बंद करायचं हे आदल्या रात्रीच ठरवलं होतं. त्यामुळे संध्याकाळचं पीठ भिजवलं नाही, दूध कमी घेतलं. मालाचे १,४४० रुपये वाचले. नुकसान ९६० रुपये.

दुसरी: ऐनवेळी बंद करावं लागलं. पीठ भिजलेलं, बटाटे उकडलेले, दूध उतू जायला आलेलं. माल वाया. नुकसान पूर्ण २,४०० रुपये.

बघा मित्रांनो, दुकान दोन्ही वेळा सारखंच बंद राहिलं. आदल्या रात्रीच्या दहा मिनिटांच्या विचाराची किंमत १,४४० रुपये निघाली. आणि बंदच केलं नाही तर? एक फुटलेला फ्रीजर, भिजलेला मोबाईलचा माल किंवा गाडी घसरून मोडलेला हात यांच्यापुढे ९६० रुपये काहीच नाहीत.

तुमची रेषा कागदावर लिहा

चार ओळी पुरेत. गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवा:

१. पिवळा: दुकान उघडं. नाशवंत माल थोडा कमी. ताडपत्री हाताशी.
२. नारंगी: ठरलेल्या वेळेला शटर खाली. लांबून येणारा माणूस त्याच्या एक तास आधी घरी निघेल.
३. लाल: दुकान बंद. कोणालाही कामावर बोलवायचं नाही.
४. रंग कोणताही असो, गडगडाट ऐकू आला की सगळे पक्क्या छताखाली.

इशारा तीनदा बघायचा: रात्री आठला, सकाळी सहाला, दुपारी बाराला. या वेळांचा मोबाईलमध्ये गजर लावा.

आदल्या रात्रीची तयारी

दुकान आणि टपरी: फ्लेक्स, बोर्ड, मोठी छत्री, बाहेरची बाकडी आत घ्या. टिनांचे हुक-बोल्ट ढिले असतील तर दिवसाउजेडीच कसून घ्या. वारा सुटल्यावर टिनांवर चढायचं नाही. टिनावर ठेवलेले दगड काढा, उडाले तर तेच डोक्यात बसतात. पोती आणि खोके जमिनीपासून वीतभर वर, लाकडी फळ्यांवर ठेवा.

धान्य आणि कृषी केंद्र: हरभरा, तूर उघड्यावर असेल तर रात्रीच झाका. ताडपत्री नुसती टाकू नका, कडेने दोरीने बांधा. बी-बियाणं आणि खतं भिंतीपासून थोडी दूर ठेवा, म्हणजे ओल लागणार नाही.

वीज आणि पैसे: इन्व्हर्टर, मोबाईल, टॉर्च चार्ज करा. वादळ जवळ आलं की कॉम्प्युटर, फ्रीज, झेरॉक्स यांचे प्लग काढा. लाईट आणि नेटवर्क गेलं की क्यूआर कोड काही कामाचा नाही, म्हणून सुट्टे पैसे आणि उधारीची वही जवळ ठेवा. हॉटेल असेल तर निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद.

ऑर्डर: लग्नाचं जेवण, केक, मंडप, फोटोग्राफी अशी ऑर्डर असेल तर गिऱ्हाइकाला रात्रीच फोन करा. "दादा, उद्या नारंगी इशारा आहे. डिलिव्हरी दुपारी तीनऐवजी सकाळी दहाला करू का?" एवढं एक वाक्य. गिऱ्हाईक तुमच्यावर चिडणार नाही, उलट पुढच्या वेळी तुम्हालाच बोलावेल.

वाटेत गाठलं तर?

आधी निघाला होता, वाटेत आभाळ फाटलं. अशा वेळी काय करायचं?

- वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा. वीज तितके किलोमीटर दूर आहे. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर थांबायची वेळ झाली.
- झाडाखाली थांबायचं नाही. होर्डिंग, विजेचा खांब, ट्रान्सफॉर्मर, उघडी टिनाची शेड यांच्यापासूनही लांब. शाळा, ग्रामपंचायत, पक्कं घर शोधा. वऱ्हाडात कोणी दारातून हाकलत नाही.
- मोटारसायकलवर हेल्मेट घाला. पोलीस असो वा नसो. गारेपासून डोकं वाचवणारी दुसरी वस्तू तुमच्याजवळ नाही. रस्त्यावर गारांचा थर असेल तर गाडी चालवू नका. खडीपेक्षा जास्त घसरते.
- चारचाकीत असाल तर रस्ता सोडून सुरक्षित जागी उभे राहा, काचा वर करा, चारही इंडिकेटर लावा, तोंड समोरच्या काचेपासून फिरवा. काचा बंद असलेली गाडी विजेपासूनही बऱ्यापैकी वाचवते. समृद्धीवर असाल तर लेनमध्ये थांबू नका, मागून येणाऱ्या वेगवान गाडीला तुम्ही दिसणार नाही. वेग कमी करत पुढच्या इंटरचेंजने बाहेर पडा.
- शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबा, मगच निघा.

आणि एक गैरसमज काढून टाका. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावता येतो आणि लावायलाच हवा. श्वास थांबला असेल तर छाती दाबणं सुरू करा आणि १०८ ला फोन करा.

तुमच्याकडे काम करणारा पोरगा तुमच्या शब्दावर निघतो

तुम्ही मालक असाल तर हा भाग नीट वाचा. तुमच्याकडचा कामगार खेड्यातून येतो. इशारा त्यालाही दिसतो. पण तो येणार की नाही हे आभाळ ठरवत नाही, दिवसाची मजुरी ठरवते. "खाडा पडला तर पैसे कापतील" या भीतीने तो गारांतही निघतो.

म्हणून रेषेत आणखी एक ओळ लिहा: नारंगी किंवा लाल इशाऱ्याला लवकर सोडलं किंवा बोलावलं नाही, तर मजुरी पूर्ण. वर्षातून असे किती दिवस येतात? मोजके. त्या मोजक्या दिवसांची मजुरी तुमचा धंदा बुडवणार नाही. पण तुम्ही बोलावलं म्हणून निघालेल्या पोराचं वाटेत काही झालं, तर ती भरपाई कुठल्याच वहीत मांडता येत नाही.

दुसरा फटका आठ दिवसांनी बसतो

गारा वितळल्या, दुकान उघडलं, सगळं ठीक. असं वाटतं. पण शेलूबाजारसारख्या गावात प्रत्येक गल्ल्याची मुळं शेतात असतात. हरभरा झडला, गहू लोळला, संत्रा गळाला की महिनाभराने कपड्याच्या दुकानातली गर्दी कमी होते, मोबाईलची खरेदी पुढे ढकलली जाते आणि उधारीची वही जाड होते.

यासाठी तीन कामं पहिल्याच आठवड्यात करा.

एक, फोटो. साफसफाईच्या आधी नुकसानीचे फोटो आणि व्हिडिओ काढा, मालाची यादी लिहा. शेताचं आणि घराचं नुकसान तलाठ्याला कळवा आणि पंचनामा करून घ्या. दुकानाचा विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा. विमा नसेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या पॉलिसीची चौकशी करा. ५ कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्या छोट्या धंद्यांसाठी ती एप्रिल २०२१ पासून आहे. आग, वीज, वादळ, पूर यांचा त्यात समावेश असतो. गारेने फुटलेल्या छताचं काय, हे मात्र आधीच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

दोन, माल. पुढच्या दोन महिन्यांची खरेदी कमी करा. चैनीचा माल थांबवा, रोजच्या गरजेचा ठेवा. बँकेचा हप्ता अडेल असं वाटत असेल तर हप्ता चुकण्याआधी मॅनेजर साहेबांना भेटा.

तीन, उधारी. सरसकट बंद करू नका. हीच गिऱ्हाइकं पुढच्या हंगामात तुमच्याकडे येणार आहेत. पण प्रत्येकाची मर्यादा ठरवा आणि तोंडावर सांगा. "काका, हजारापर्यंत वही चालू, पुढे थोडे जमा करा." स्पष्ट बोललेलं नातं टिकतं.

आणि ज्यांच्याकडे ताडपत्री, टिनपत्रे, टॉर्च, रेनकोट आहेत त्यांना एक सांगणं. माल फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच भरून ठेवा, कारण मागणी एका रात्रीत येते. पण त्या रात्री भाव वाढवू नका. चारशेची ताडपत्री सातशेला विकून तीनशे जास्त मिळतील, आणि गाव ते दहा वर्षं सांगत राहील.

आजचं काम

वाचून मोबाईल खिशात टाकू नका. आज रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं काढा. तुमच्या धंद्याचा गल्ला, मालाचा खर्च आणि दोननंतरची विक्री हे तीन आकडे लिहा. अर्धा दिवस बंद ठेवल्याचं खरं नुकसान काढा. मग चार ओळींची रेषा लिहा आणि घरच्यांना व कामगारांना वाचून दाखवा. एकदा सगळ्यांसमोर ठरलं की ऐनवेळी "अजून अर्धा तास" म्हणायला तोंड उघडत नाही.

एका दिवसाचा गल्ला पुढच्या आठवड्यात भरून निघतो. घरून निघालेला माणूस संध्याकाळी घरी पोचला पाहिजे. काळजी घ्या, तयारीत राहा. भेटू पुढच्या लेखात!